मदत हवी आहे : अंतरिम आदेशावर अपील, काउच यांचे दोन निकाल जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतरिम (दाव्याचा निकाल लागण्याआधी दिलेल्या) आदेशांवरच्या अपिलांवर निबंध लिहितोय आणि एका मुद्द्यावर पार अडलोय. ओरिजिनल साइडवर (उच्च न्यायालयात थेट लावलेले दावे जिथे चालतात तिथे) काम करणाऱ्या वकिलांनी कृपया वेळ काढावा.

लेटर्स पेटंटच्या (उच्च न्यायालयाच्या स्थापनेच्या सनदेच्या) कलम १५ नुसार एकट्या न्यायमूर्तींच्या 'जजमेंट'वर त्याच उच्च न्यायालयात अपील होतं. जजमेंट म्हणजे काय, ते मात्र त्यात सांगितलेलं नाही. कलकत्त्याच्या 'जस्टिसेस ऑफ द पीस विरुद्ध ओरिएंटल गॅस कंपनी' (१८७२) मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर रिचर्ड काउच यांनी (हे आधी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते) व्याख्या केली : वादाच्या गुणदोषांवर परिणाम करून पक्षकारांचा एखादा हक्क किंवा दायित्व ठरवणारा निर्णय. तो अंतरिमही असू शकतो; अख्ख्या दाव्याऐवजी एखादा भाग ठरवला तरी चालतं.

पुढे १८७४ चं हाजी इस्माईल प्रकरण. प्रतिवादी हद्दीबाहेरचे. लेटर्स पेटंटच्याच कलम १२ खाली त्यांच्यावर दावा लावायला दिलेली परवानगी रद्द करायला न्यायमूर्तींनी नकार दिला. मूळ वादातलं काहीच ठरलं नव्हतं, तरी काउच यांनीच अपील चालवून घेतलं. कारण त्या आदेशाने न्यायालयाला एरवी नसलेला अधिकार मिळतो आणि बाहेरच्या माणसाला तिथे येऊन बचाव करावाच लागतो.

आता १९५३ चं अश्रुमती देवी प्रकरण बघा. त्याच सनदेच्या कलम १३ खाली खालच्या कोर्टातला दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग केला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे जजमेंट नाही. दोन्हीकडे भांडण दावा कुठे चालावा याचंच ना? मला दिसणारा फरक एवढाच, की परवानगी नसेल तर कलम १२ चा दावा उभाच राहत नाही, वर्ग होणारा दावा मात्र आधीपासून रीतसर चालू असतो. एवढं पुरेल का?

शिवाय शहा बाबुलाल खिमजी (१९८१) तर मुंबईचंच. रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) आणि मनाई हुकूम नाकारल्यावर अपील चालतं, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मला ते मनापासून पटतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत वादातली जागा तिसऱ्याच्या नावावर गेली, तर वादीने जिंकून करायचं काय? पण त्यानंतर १८७४ च्या युक्तिवादाला स्वतंत्र वजन उरलं, की तो खिमजीतल्या 'मौल्यवान हक्काला बाध' (आदेशाने पक्षकाराच्या महत्त्वाच्या हक्काला धक्का लागतो का) या कसोटीतच जमा झाला? कोर्टात तुम्ही हा मुद्दा कसा मांडता?

काउच यांचे हे दोन निकाल ज्यात छापलेत त्या बंगाल लॉ रिपोर्ट्सच्या ८ व्या आणि १३ व्या खंडांच्या स्वच्छ स्कॅन प्रती कुठे मिळतील, तेही सांगा.