आयलेस माश्यांचा ३:१ रेशो येत नाहीये, माझं मोजणं चुकलं का?

माटुंगा_एसवाय:
एसवाय झूऑलॉजीला आहे. फ्रूट फ्लायचा (फळमाश्यांचा) आयलेस स्टॉक, म्हणजे आयलेस जीन बिघडल्यामुळे डोळे नसलेल्या माश्या, नॉर्मल माश्यांशी क्रॉस केला, एफ-वन म्हणजे पहिली पिढी सगळी डोळेवाली आली, तिथपर्यंत ठीक होतं. एफ-टू मध्ये, म्हणजे त्यांच्या पुढच्या पिढीत, २१२ मोजल्या तर डोळे नसलेल्या किंवा बारीक डोळ्याच्या फक्त ३१!! ३:१ म्हणजे चारात एक, ५३ च्या आसपास यायला हव्या होत्या ना? सर म्हणाले बाटल्या मिक्स केल्यास, परत कर. मी लेबल दोनदा चेक केली होती हो. शिवाय एकीला डावा डोळा जवळजवळ पूर्ण आणि उजवीकडे काहीच नाही, असं कसं होतं? दोन दिवस झोप लागली नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा.

चौथी_सीट:
अगं तुझं मोजणं बरोबर असू शकतं, आयलेस अशीच वागते. जीन दोन्ही कॉप्यांमध्ये बिघडलेला असला तरी प्रत्येक माशीत डोळा सारखाच जात नाही, कुणाचा पूर्ण जातो, कुणाचा अर्धा राहतो आणि काहींचा इतका नॉर्मल दिसतो की आपण त्यांना डोळेवाल्यांत मोजून मोकळे होतो. म्हणजे तुझ्या १८१ 'नॉर्मल' मध्ये २२ एक लपल्या असतील.

डावं-उजवं का वेगळं तर अळीच्या आत दोन वेगवेगळ्या पिशव्या असतात ज्यांना डिस्क म्हणतात, डावीतून डावा डोळा आणि अँटेना, उजवीतून उजवा. आधी या डिस्क नुसत्या वाढतात, मग तिसऱ्या इन्स्टारमध्ये, म्हणजे अळीच्या शेवटच्या टप्प्यात, मागून पुढे एक घळ सरकत जाते आणि तिच्या मागे ओळीने ओमॅटिडिया, म्हणजे डोळ्याचे बारीक बारीक भाग, तयार होत जातात, नॉर्मल माशीत एका डोळ्यात साधारण ७५०. आयलेस कमी पडला की घळीच्या पुढच्या पेशी वाढण्याऐवजी मरायला लागतात. किती मरतील ते प्रत्येक डिस्कचं वेगळं, म्हणून एकाच माशीत एक डोळा आहे आणि दुसरा नाही. मला तर ही माशीच सगळ्यात सुंदर वाटते, फेकू नकोस तिला.

ठाणे_ताई:
मी यातली नाही, पण भाच्याला ॲनिरिडिया आहे, डोळ्यात बुबुळाभोवतीचा रंगीत पडदाच नाही. डॉक्टर पॅक्स-सिक्स जीन म्हणाले. त्याचा माशीशी संबंध आहे असं कुठेतरी ऐकलं होतं, खरं आहे का?

चौथी_सीट:
हो ताई, आयलेस हा माशीतला पॅक्स-सिक्सच. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शास्त्रज्ञ वॉल्टर गेरिंग यांच्या लॅबने ते दाखवलं, आणि १९९५ मध्ये तो जीन माशीच्या पायावर, पंखावर चालू केला तर तिथे डोळे उगवले. उंदराचा जीन घातला तरी माशीचेच डोळे आले, उंदराचे नाही, कारण जीन फक्त 'इथे डोळा करा' एवढंच सांगतो, बांधणारे पुढचे जीन माशीचेच. भाच्याला एक कॉपी चांगली असते म्हणून डोळा तयार होतो पण पडदा नीट होत नाही. काचबिंदूचा धोका असतो, डोळ्याचं प्रेशर नियमित तपासत राहा, कंटाळा करू नका.

माटुंगा_एसवाय:
थँक्यू सो मच!! पण सरांना दाखवू कसं की त्या २२ खरंच लपल्यात?

चौथी_सीट:
एफ-टूतले डोळेवाले नर घे, एकेक नर एकेका व्हायलमध्ये आयलेस व्हर्जिन माद्यांबरोबर टाक. शुद्ध नॉर्मल नराची सगळी पिल्लं डोळेवाली, मिश्र नराच्या अर्ध्या पिल्लांत जीन बिघडलेला असेल पण काही लपतील, म्हणून तुझ्या ५३ पैकी ३१ च्या हिशोबाने साधारण तीस टक्के बिघडलेल्या डोळ्याची दिसतील, आणि लपलेल्याची त्याच्या दुप्पट, साधारण साठ टक्के. आठात एक लपलाय असं धर, म्हणजे २० व्हायलमध्ये दोन-तीन सापडायला हवेत. व्हर्जिन मात्र बाहेर आल्यावर ८ तासांच्या आत उचल, आणि व्हायल एसीच्या खोलीत २५ डिग्रीला ठेव, आपल्याकडच्या मेच्या उकाड्यात नर वांझ होतात. या वेळी डावा-उजवा वेगळा लिही.

माटुंगा_एसवाय:
उद्या सकाळी सहाची ट्रेन पकडते मग, रात्री बाटल्या रिकाम्या करून जाईन.