मांगा (जपानी कॉमिक्स) कुठून सुरू करू? मुलगी १३ वर्षांची, नाशिकमध्ये कुठे मिळेल?

इंदिरानगरची_आई:
लेक 'डीमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' पिक्चर हिंदीत बघून आली तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही, आता म्हणते पुढचं पुस्तकात वाचायचंय. मी वेताळ वाचून मोठी झालेली, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ऑनलाइन २३ पुस्तकांचा बॉक्स दिसला पण किंमत बघून नवरा एकदम गप्प झाला. कॉलेज रोडला सुटी मिळतात का? मराठीत आहे का काही?

सिडको_ओटाकू:
ताई बॉक्स नका घेऊ. पिक्चर तीन येणारेत, हा पहिला, आणि याची गोष्ट १८ व्या पुस्तकात संपते. म्हणजे १८ ते २३ अशी सहाच पुस्तकं घ्या, आधीचं तिने ॲनिमेत (जपानी कार्टून मालिकेत) बघितलंच असेल. पुस्तकांची मालिका २०२० ला संपलीये त्यामुळे लटकून राहायचं टेन्शन नाही. फक्त 'वन पीस'च्या नादी लागू देऊ नका, १९९७ पासून चालूच आहे, शंभराच्या वर भाग, पगार पुरायचा नाही!! मराठीत मला तरी कुठे दिसलं नाही, इंग्रजीच घ्यावं लागेल.

गोदाकाठचा_वाचक:
१८ पासून काय राव, पहिला भाग तरी घेऊ द्या पोरीला. सुरुवातीची चित्रं जरा कच्ची आहेत मान्य, पण पुढे हात कसा बसत गेला ते बघायला मजा येते, ॲनिमेत ते कळतच नाही कारण तिथे सगळं आधीच चकाचक. कॉलेज रोडला मिळतं पण सलग नाही, १ आणि ७ असतात आणि मधले गायब, फोन करूनच जा. ऑनलाइन फारच स्वस्त दिसलं तर समजा डुप्लिकेट, कागद पातळ असतो आणि काळ्या जागा राखाडी छापलेल्या.

मिसळ_आणि_मांगा:
आधी मांगा वाचायचं 'शोनेन जंप' ॲप बघा की, भारतात चालतं, एका पुस्तकापेक्षा कमी पैशात महिनाभर अख्ख्या मालिका वाचता येतात. आणि ओसामू तेझुकांचं 'बुद्ध' द्या, गौतम बुद्धांवरचा मांगा आहे, आठच भाग आहेत, तुम्हालाही आवडेल.

सिडको_ओटाकू:
'बुद्ध' भारी आहे पण त्यात उघडीनागडी चित्रं आहेत भाऊ, ताई तुम्ही आधी स्वतः चाळा. तसं डीमन स्लेअरमध्येही रक्त भरपूर आहे पण ते तिने पडद्यावर बघितलंच. बाकी पुस्तकांवर वयाचा शिक्का असतो, 'टी प्लस' दिसलं की मोठ्या पोरांसाठी समजायचं. हलकंफुलकं पाहिजे तर 'स्पाय फॅमिली', घरात बसून सगळ्यांनी वाचण्यासारखं.

गोदाकाठचा_वाचक:
सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) पण विचारून बघा, मागणी कोणीतरी केल्याशिवाय कुठलंच वाचनालय घेत नाही. चार जणांनी अर्ज दिले तर मी पाचवा.

इंदिरानगरची_आई:
१ आणि १८ मागवते, ॲप नको, मोबाईल आधीच हातातून सुटत नाही. सावानाचा अर्ज मी देते, बाकीचे तीन शोधा. एक सांगा, हे खरंच मागून वाचायचं असतं का? लेक माझी फिरकी घेतेय असं वाटतंय.

मिसळ_आणि_मांगा:
खरंय ताई 😄 उजवीकडचा चित्राचा चौकोन आधी, संवादाचे फुगेसुद्धा उजवीकडूनच. आपल्यासारखं उघडलंत तर बऱ्याच पुस्तकांत तिथेच छापलेलं असतं की चुकीच्या बाजूने आलात.