मदत हवी आहे: मत्स्यटाकीतल्या हायग्रोफिला या पाणवनस्पतीच्या जुन्या पानांना भोकं, दोष पोटॅशियमचा की सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा)?

टाकी ६० × ३० × ३६ सेंमी, प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास. तळाला ५ सेंमी अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची दाणेदार माती), एलईडी रोज ८ तास, सीओटू सिलिंडरवर. दर आठवड्याला निम्मं पाणी बदल. नायट्रेट १० ते १५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ५, तापमान २५ अंश.

हायग्रोफिलाच्या खालच्या पानांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात, भोवती पिवळी कड धरते आणि चार-पाच दिवसांत तिथे आरपार भोक पडतं. शेंड्याची पानं मात्र हिरवीगार, म्हणजे लोहाची कमतरता वाटत नाही. गोगलगायी नाहीत, त्यामुळे कुरतडल्याचाही प्रश्न नाही. खतात पोटॅशियम अगदीच नावापुरतं आहे, पहिला संशय त्यावरच.

पोटॅशियम सल्फेटचा हिशेब असा: ५५ लिटरला १.२ ग्रॅम म्हणजे जवळपास १० पीपीएम पोटॅशियम. हे पाणी बदलल्यावर एकदम द्यावं की तीन हप्त्यांत? भोक पडलेली पानं भरून येणार नाहीतच, ती कापून टाकायची. पण नवी पानं जुनी होईपर्यंत, म्हणजे किती आठवडे थांबून निकाल ठरवावा?

दुसरी शंका सीओटूची. फिल्टरच्या धारेसमोरच्या अनुबियास या दुसऱ्या झाडाच्या पानांच्या कडांना काळं ब्रश शेवाळ धरलंय. सीओटू आणि दिवा एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी, आत ४ केएचचं द्रावण) दुपारपर्यंत निळाच राहतो, म्हणजे सीओटू कमीच. सीओटू दिव्याआधी दोन तास सुरू करणं पुरेल, की सीओटूचे बबल्सही वाढवावे लागतील? टाकीत निऑन टेट्रा मासे आहेत, सीओटू जास्त झाला तर त्यांना त्रास, म्हणून हात आखडता घेतलाय.

दोन्ही बदल एकदम केले तर गुण कशाचा ते कळणार नाही. आधी कोणता करावा?