मेलाटोनिन: उंदरांपुरतं ठीक, चांदीपुरा मेंदूज्वरात नाही

मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक; त्याच्या गोळ्याही मिळतात. ‘मेलाटोनिनने मेंदूज्वराचा विषाणू मरतो’ असा दावा केला जातो. तसं नाही. व्हेनेझुएलन इक्वाइन एन्सेफलायटिस या दुसऱ्याच विषाणूजन्य मेंदूज्वराची लागण केलेल्या उंदरांत मेलाटोनिनने मृत्यू घटले हे खरं, पण सुरुवातीच्या प्रयोगात मात्रा विषाणू टोचण्याआधीपासूनच चालू होती. १९६५ मध्ये आपल्या नागपूरकडेच सापडलेल्या चांदीपुरा विषाणूच्या मेंदूज्वरात ताप ते बेशुद्धी हा प्रवास दिवस-दोन दिवसांत होतो. लेकराला झटका आला की थेट मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा, गोळ्या कसल्या शोधता!

कोविडनंतर झोप उडालेल्यांचं वेगळं. त्यांना डॉक्टर बहुधा २-३ मिलिग्रॅम मेलाटोनिन देतात, झोपण्याच्या तासभर आधी. साध्या गोळीतल्या मेलाटोनिनचं रक्तातलं प्रमाण पाऊण तासात निम्म्यावर येतं, त्यामुळे पहाटे जाग येते म्हणून मात्रा वाढवण्यात फारसा अर्थ नाही. फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर मात्र नकोच: मेलाटोनिन मोडणारं यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) त्याने अडतं आणि मेलाटोनिन रक्तात कित्येक पट चढतं.