पहिल्यांदाच मुंबईला, माध्यम परिषदेसाठी: गाडी, मुक्काम आणि तिथं गेल्यावर करायचं काय?

दारव्ह्याकडची

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. यवतमाळला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात तीन दिवसांची माध्यम परिषद आहे. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझा अर्ज मंजूर झालाय. नोंदणी फुकट, प्रवास आणि राहणं आपलं आपण. कॉलेजातून मी एकटीच. मुंबई मी अजून पाहिलेली नाही.

बाबा हो म्हणाले, पण कापूस वेचणीचे दिवस आहेत, मजुरी द्यायची असते. चार हजारांत सगळं बसवायचं आहे.

गाडी धामणगावहून धरू की बडनेऱ्याहून? मुक्कामासाठी मामा म्हणतात आमदारांचं पत्र आणून देतो, आमदार निवासात खोली मिळेल. आईची चुलत बहीण कल्याणला राहते, पण तिथून रोज जाणं-येणं जमेल का ते कळत नाही.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. तीन दिवसांत चाळीसच्या वर सत्रं आहेत. संपादक, वाहिन्यांची माणसं, डिजिटलवाले. त्यांच्यासमोर मी काय बोलू? कॉलेजच्या अंकासाठी मी एक काम केलं होतं, फवारणीच्या दिवसांत ड्रमात औषध कालवून पंप भरून देणाऱ्या बायांवर. अकरा जणींशी बोलले. ते सोबत न्यावं का, की तिथं ते फार लहान वाटेल? बोलताना माझ्या तोंडी वऱ्हाडी येते, त्याचीही धास्ती आहे.

बडनेरा_जंक्शन

आधी गाडीचं बघू. तुम्ही दारव्ह्याकडच्या, म्हणजे नेरवरून अमरावतीची एसटी सोपी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस अमरावतीतूनच सुटते, त्यामुळे डबा रिकामा मिळतो, सामान नीट लावता येतं. संध्याकाळी बसा, पहाटे मुंबईत. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून भरून येते. धामणगावला थांबते, पण तिथं गाडी फार वेळ उभी राहत नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची डबा शोधताना धावपळ होते.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखा उघडल्या आहेत. आजच काढा. स्लीपर पाचशेच्या आत बसेल. तत्काळच्या भरवशावर राहू नका. त्याला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि सकाळी अकराला खेड्यातलं नेटवर्क दगा देतं.

परतीचं तिकीटही आत्ताच काढा. दोन्ही गाड्या मुंबईहून संध्याकाळीच सुटतात. शेवटच्या दिवशीचं शेवटचं सत्र सोडावं लागेल, नाहीतर एक रात्र वाढवावी लागेल. परतताना सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, दादरला चढता येतं.

लोकलवाली_ताई

कल्याणच्या मावशीकडेच राहा गं. मी मूळची पुसदची, अकरा वर्षं झाली डोंबिवलीत. अमरावतीची गाडी कल्याणला थांबते, तिथंच उतर, मावशीकडे आंघोळ कर, चहा घे आणि निघ. कल्याणहून जलद लोकल, कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं. तिथून संकुलाकडे बस आणि शेअर रिक्षा मिळतात.

गर्दी खरी असते, ती खोटी सांगत नाही. साडेसातच्या आधी निघालीस तर महिलांच्या डब्यात उभं राहायला तरी बरी जागा मिळेल. सॅक पाठीवर नको, पुढं छातीशी घे. कुर्ला यायच्या आधी दोन स्टेशनं असतानाच दाराकडे सरकायला लाग आणि पुढच्या बाईला विचार, "कुर्ला?" सगळ्या विचारतात. कोणी चिडलं तर मनाला लावून घेऊ नको.

दादर किंवा सीएसएमटीकडून यायची वेळ आली तर आता भुयारी मेट्रो आहे, तिसरी मार्गिका. दादरहून थेट बीकेसी, म्हणजे तुझं वांद्रे-कुर्ला संकुल.

आणि एक शाल घे. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसतो आपण, पण त्या सभागृहांतल्या एसीत दुपारनंतर दात वाजतात. पायात नव्या चपला घालू नको, रोजच्या घाल. पहिल्या दिवशीच्या जेवणाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू दे, आत खाणं महाग पडतं.

पांदण

मावशीकडं जाजो, ठीक हाय. पण आमदार निवासात राहाले काय झालं? आपल्या भागातले लोक दवाखान्याच्या कामाले, मंत्रालयाच्या कामाले जातात तं तेथीच राहतात. थे काही आमदाराचं घर नोहे, सरकारी इमारत हाय. खोली रिकामी रायते तं पोरीनं काऊन घेऊ नये? कल्याणहून रोजचे चार तास जातीन, थे वाचले असते.

निवृत्त_तालुका_वार्ताहर

पांदण भाऊ, दवाखान्याच्या माणसानं जरूर राहावं. पत्रकारानं राहू नये, शिकणाऱ्या पत्रकारानं तर मुळीच नाही. मी सत्तावीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली. सुरुवातीला मीही एका पुढाऱ्याच्या जीपमधून दौऱ्याला गेलो होतो. पुढं त्याच माणसाच्या संस्थेतल्या गैरकारभाराचे कागद हाती आले, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "जीप विसरला का?" बातमी मी दिली, पण ती द्यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. बेटा, मामाला नम्रपणे नाही म्हण.

आता तुझ्या कामाबद्दल. ते लहान आहे असं तुला कोणी सांगितलं?

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात होते. मी तेव्हा कामावर होतो. माझी पहिली बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम लागली, सहा ओळी. मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आले तेव्हा माणसं मेलेली होती. त्या सगळ्या बातम्यांत फवारणारा माणूस होता, आणि तो बरोबरच होता. पण पंप भरून देणारी बाई, उघड्या हातानं औषध कालवणारी, तिच्याबद्दल मी स्वतः एक ओळ लिहिली नाही. ती रोज माझ्या डोळ्यासमोर होती. तू ते पाहिलंस. ते काम छापून ने, तीन प्रती ने.

दारव्ह्याकडची

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मामांशी बोलले, ते थोडे रागावले पण ऐकलं. मावशीला फोन केला, ती तर खूशच झाली. अमरावतीहून जायचं तिकीट निघालं, परतीचं वेटिंगवर आहे, क्रमांक नऊ.

पण संपादकांना गाठायचं कसं? सत्र संपलं की त्यांच्याभोवती घोळका असतो असं सीनियर सांगतात.

रात्रपाळी

मूळ वाशीमचा, मुंबईत एका दैनिकात डेस्कवर आहे. अशा चार-पाच परिषदा पाहिल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चाळीस सत्रं ऐकायची नसतात. दिवसाला तीन निवड. मुख्य सभागृहातली मोठ्या नावांची भाषणं नंतर बहुतेक वेळा यूट्यूबवर मिळतात, ती सोड. छोट्या दालनातल्या कार्यशाळा धर: पडताळणी, मोबाइलवर चित्रीकरण, आकडेवारी वाचणं, पत्रकारांची कायदेशीर सुरक्षा. तिथं तीस-चाळीस माणसं असतात आणि शिकवणारा तुझ्याशी बोलतो. पुढून दुसऱ्या रांगेत बस.

घोळक्यात घुसू नको. संपादकापेक्षा त्यांच्यासोबत आलेली वार्ताहर, उपसंपादक, निर्माती यांच्याशी बोल. तुझा मजकूर पहिल्यांदा वाचणार तेच असतात. "मला संधी द्या" असं म्हणू नको. म्हण, "फवारणीत पंप भरणाऱ्या अकरा बायांशी मी बोलले आहे, चौघींच्या हातांना फोड होते, मजकूर आणि फोटो तयार आहेत, कोणाला पाठवू?" (फोडांचा आकडा मी धरून चाललोय, तुझा खरा असेल तो सांग.) नंतर नाव आणि ईमेल वहीत लिहून घे, त्याच रात्री दोन ओळींचा मेल टाक. दुसऱ्या दिवशी ती माणसं तुला विसरलेली असतात, त्यात त्यांचा दोष नाही.

वऱ्हाडीबद्दल. खेड्यापाड्यांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आहे. २००६ साली मुंबईत फॅशन वीक चालू होता, रॅम्पवर सुती कपडे होते आणि त्याच्या वार्तांकनाला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते. तो कापूस पिकवणारा विदर्भातला शेतकरी त्याच दिवसांत जीव देत होता, आणि त्याच्या दाराशी आलेले बाहेरचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते. तेव्हा त्या सभागृहात वऱ्हाडी बोलणारी मुलगी उभी राहिली तर कमी आहे ते भरून निघतं. त्या बाया जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांग. प्रमाण भाषेत आणलंस की त्यातला जीव जाईल.

साईनाथांनीच २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं ऑनलाइन संग्रहण आहे, 'पारी' म्हणतात. ते मराठीतही असतं आणि विद्यार्थ्यांचं काम घेतात. जाण्याआधी तिथले पाच-सहा वृत्तान्त वाच. बुंदेलखंडातल्या बायांनी २००२ मध्ये काढलेलं 'खबर लहरिया'ही बघ. चित्रकूटसारख्या जिल्ह्यातल्या बायकांनी आपल्या बोलीत पेपर चालवला, मग आपल्याला कसली भीती?

माहितीचा_अर्ज

एक प्रश्न तयार ठेवा, कायद्याच्या सत्रात विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी मिळण्याची वाट त्याच कलमात होती, ती तिथून काढली. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या याद्या, रोजगार हमीचे हजेरीपट असे कागद दहा रुपयांच्या अर्जावर काढून बातम्या होतात. तेव्हा विचारा: "यादीतली नावं वैयक्तिक म्हणून नाकारली तर तालुक्यातल्या वार्ताहरानं काय करावं?" एका वाक्यात विचारा आणि खाली बसा. उत्तर गोल आलं तर पुन्हा हात वर करा.

लोकलवाली_ताई

तिचं परतीचं तिकीट संध्याकाळचं आहे ना? मग शेवटच्या दिवशी दुपारी तिला फोर्टात जाऊ द्या कोणीतरी. एवढ्या लांबून येऊन काचेच्या इमारतीच बघून गेली तर काय मुंबई बघितली.

रात्रपाळी

हे मी सांगणारच होतो. बीकेसीहून मेट्रोनं थेट सीएसएमटी. बाहेर आलीस की आझाद मैदान. मुंबई मराठी पत्रकार संघ तिथंच आहे, पण आधी मैदानात जा. राज्यभरातली आंदोलनं तिथं बसलेली असतात, आपल्या विदर्भातली माणसंही बरेचदा भेटतात. दोन-तीन जणांशी बोल. कुठून आले, किती दिवस झाले, रात्री झोपतात कुठं.

मग चालत हॉर्निमन सर्कल. तिथं 'मुंबई समाचार'ची लाल इमारत आहे. १८२२ मध्ये निघालेला हा गुजराती पेपर अजून रोज छापला जातो. त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांनी याच शहरातून 'दर्पण' काढलं. बाबासाहेबांचा 'मूकनायक'ही मुंबईतूनच निघाला, ३१ जानेवारी १९२० ला. वर्गात या तारखा पाठ केल्या असशील. त्या गल्ल्यांतून चालताना मला दर वेळी वाटतं, ही माणसं किती थोड्या वाचकांसाठी लिहायला बसली होती.

पांदण

वार्ताहर काका, तुमचं आमदार निवासाचं पटलं मले. बेटा, परतीचं तिकीट नाही निघालं तं सांगजो, माहा पुतण्या ठाण्याले आहे, सोय करून देईन.

दारव्ह्याकडची

कालच घरी पोचले. तिकीट चार्टिंगच्या वेळी निघालं, पांदण काका, तुमच्या पुतण्याला त्रास द्यावा लागला नाही.

लोकलमध्ये पहिल्या दिवशी कुर्ल्याला उतरताच आलं नाही, थेट दादरला गेले. मग मेट्रोनं मागं आले. दुसऱ्या दिवसापासून जमलं.

कायद्याच्या सत्रात प्रश्न विचारला. पहिलं उत्तर खरंच गोल आलं. पुन्हा हात वर केला तेव्हा मंचावरच्या वकील बाईंनी सांगितलं की कलम ८(२) अजून आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात आणि अपिलात त्याचा उल्लेख करून जनहित कोणतं ते लिहा. ते जसंच्या तसं वहीत आहे, कोणाला हवं असेल तर टाकते.

रात्रपाळी दादा, फोड चौघींच्या नाही, सहा जणींच्या हातांना होते. एका साप्ताहिकाच्या उपसंपादक ताईंनी दोन पानं उभ्या उभ्याच वाचली. त्यातलं एका बाईचं वाक्य, "हात धुतला तरी भाकरीले वास येते", त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, हे असंच ठेवा, हात लावू नका. पंधरा दिवसांत पूर्ण मजकूर मागितलाय. एका बाईला गेल्या वर्षी दवाखान्यात नेलं होतं, तिचा भाग वाढवा म्हणाल्या.

आझाद मैदानात बुलडाण्याच्या अंगणवाडी सेविका भेटल्या. त्यांनी मला चहा पाजला, मला पैसे देऊ दिले नाहीत. त्यांच्यावर वेगळं लिहिणार आहे.

निवृत्त_तालुका_वार्ताहर

शाब्बास. आता घाई करू नको. त्या बाईला भरती केलं होतं तो दवाखान्याचा कागद स्वतः डोळ्यानं बघ, तारीख उतरवून घे. कागद घरी नसेल तर दवाखान्यातून नक्कल मिळते, अर्ज तिनं करायचा, तू सोबत जा. नाव छापायचं का ते तिला विचार, आणि नवऱ्यासमोर विचारू नको, एकटी असताना विचार. औषधाच्या डब्याचा फोटो मिळाला तर लेबल वाचता येईल असा काढ. मग मजकूर मला पाठव, पाठवण्याआधी एकदा वाचून देतो.