कागद गिरणीच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडणे परवडेल का?

प्रश्न : वाफेकरी, पुणे

आमची गिरणी पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. रद्दी पुठ्ठ्यापासून खोक्यांसाठी लागणारा तपकिरी क्राफ्ट कागद आम्ही बनवतो. लाकडाचा लगदा शिजवत नाही. बॉयलरला दिवसाला सुमारे ५० टन देशी कोळसा लागतो आणि तासाला साधारण १० टन वाफ मिळते. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (हा वायू शोषून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात पकडून शीतपेयांच्या आणि कोरड्या बर्फाच्या कारखान्यांना विकावा, असा प्रस्ताव एका सल्लागाराने नुकताच संचालकांपुढे ठेवला. काही गिरण्या हा वायू कागदातच मुरवतात, असेही त्याने सांगितले. उत्पन्नाचे आकडे पडद्यावर भरपूर होते, वाफेचा मात्र एकही नव्हता. २०२३ च्या कार्बन क्रेडिट (कमी केलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे) व्यापार योजनेमुळे संचालकांना घाई झाली आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : निवृत्त लगदेवाला

कागदात वायू मुरवण्याची गोष्ट खरी आहे, परंतु ती लिहिण्या-छापण्याच्या पांढऱ्या कागदाच्या गिरण्यांची आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग आपणा सर्वांना आठवत असेल. तिथे हेच मोठ्या टाक्यांत करतात : कळीचा चुना पाण्यात विरवून त्या दुधातून भट्टीचा स्वच्छ केलेला धूर सोडतात आणि खाली बसणारे कॅल्शियम कार्बोनेट कागदात भरण म्हणून घालतात. लगदा शिजवणाऱ्या गिरणीला यासाठी स्वतःच्या चुनाभट्टीचा धूर मिळतो आणि त्यात हा वायू बॉयलरच्या धुरापेक्षा अधिक असतो.

मात्र यात एक मेख आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. १०० किलो चुनखडी भाजली की ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच चुन्यापासून पुन्हा कार्बोनेट बनवताना नेमका तेवढाच ४४ किलो वायू परत खर्ची पडतो. म्हणजे विकत आणलेल्या चुन्यावर आपण फक्त जुनी उधारी फेडतो, आणि भट्टीच्या इंधनाचा धूर तर वेगळाच. शिवाय आपल्या खोक्याच्या कागदाला पांढरे भरण नकोच असते, कारण त्याने कागदाची फुटण्याविरुद्धची ताकद घटते.

उत्तर : पाषाणचा रसायन अभियंता

वाफेचा हिशेब मी मांडतो. देशी कोळशात ४० टक्के कार्बन धरला, तर ५० टनांतून दिवसाला सुमारे ७३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला ६० टन पकडायचा म्हटले, तर वायू शोषलेले अमाइन पुन्हा तापवून मोकळे करण्यासाठी टनामागे साधारण ३.७ गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे दिवसाला जवळजवळ १०० टन वाफ. आपली एकूण वाफ २४० टन आहे. ती वाफ ड्रायरमधून, म्हणजे कागद वाळवणाऱ्या तापत्या रुळांतून, काढून घ्यावी, की तिच्यासाठी आणखी २० टन कोळसा जाळावा, हे सल्लागारांनाच विचारावे.

धुरात हा वायू जेमतेम दहा-बारा टक्के असतो. शिवाय राख आणि सल्फर डायऑक्साइड अमाइन खराब करतात, म्हणून आधी धूर धुण्याचा खर्च येतो. तुतिकोरिनच्या सोडा अॅश (धुण्याचा सोडा) कारखान्यात २०१६ साली बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन वायू पकडण्याची योजना सुरू झाली, पण तिथे तो वायू त्यांचाच कच्चा माल होता. शीतपेयाच्या बाटलीतला वायू मात्र झाकण उघडताच पुन्हा हवेत जातो, त्यामुळे त्यावर क्रेडिटची आशा बांधणे मला धाडसाचे वाटते.

उत्तर : प्रेसवाले काका

ओला कागद रुळांत दाबून पाणी काढणाऱ्या प्रेसमधून बाहेर पडणारा कागद किती कोरडा आहे, हे आपण शेवटचे कधी मोजले? तिथला कोरडेपणा एका टक्क्याने वाढला, तर ड्रायरची वाफ ठोकळमानाने चार टक्क्यांनी वाचते. प्रेसमधले पाणी शोषणारे जाड कापड, म्हणजे फेल्ट, झिजलेले असताना धुराड्यावर कोटी खर्चणे म्हणजे छपराला गळती असताना दारावर तोरण बांधणे होय.

वायू विकायचाच असेल, तर सांडपाण्याच्या टाकीकडे पाहा. निर्वायू (हवेविना, जिवाणूंकडून होणाऱ्या) शुद्धीकरणातून बायोगॅस मिळत असेल, तर त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बहुधा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. मिथेन शुद्ध करताना तो आपोआप वेगळा होतो आणि त्याचा उगमही कोळसा नसून पुठ्ठ्यातली खळ आणि तंतू हा असतो.

वाफेकरी, पुणे

सर्वांचे आभार. काकांच्या सांगण्यावरून काल प्रेसनंतरचे तुकडे भट्टीत वाळवून पाहिले. कोरडेपणा ४२ टक्केच भरला. फेल्ट सात आठवडे बदललेले नाही. बायोगॅस आमच्याकडे आहे, मात्र तो आम्ही बॉयलरमध्येच जाळतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येतो. कागद बनवताना आम्ही लगद्यात घालतो त्या तुरटीचा यात काही हात असेल का?

प्रेसवाले काका

नक्कीच असेल. तुरटीतल्या सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तो विषारी आहे आणि लोखंडही खातो, तेव्हा त्या टाकीचे झाकण एकट्याने उघडू नका. आधी तुरटी किती पडते ते मोजा, फेल्ट या आठवड्यात बदला, आणि सल्लागारांना पुढची भेट त्यानंतरची द्या.