मदत हवी आहे: बोकाशी (गडद रंग हळूहळू फिका करत नेणं) ब्रशने कशी जमवायची?

मंडळी, जपानी लाकडी ठशांची चित्रं करणाऱ्या कुनियोशीच्या १८२७ च्या सुमाराच्या सुइकोदेन मालिकेतला (चिनी कादंबरीतल्या वीरांची चित्रं) चोजुन हा वीर हाताने रंगवतोय, तोच तो, दातात तलवार धरून पाण्यातल्या दाराचे गज वाकवणारा. काळ्या रेषा जमल्या, केसांच्या बटा काढताना डोळे गेले पण जमल्या. अडलंय ते निळ्यात. मूळ छापात गडद प्रशियन ब्लू हळूहळू फिका होत जातो ना, ती बोकाशी, ते जपानी छापणारे लाकडी ठोकळ्यावरच ओला रंग ब्रशने पसरवून करायचे, मी कागदावर करायला गेलो की मधेच पट्टा उठतो नाहीतर हॅन्डमेड पेपरवर रंग फुटून रेषेबाहेर. जपानी कागदाला रंग फुटू नये म्हणून सरस आणि तुरटीचं पाणी देतात, ते आपल्याकडच्या कागदावर कुणी करून बघितलंय का, प्रमाण काय घेतलं? आणि वॉटरकलरच ठेवू की पोस्टर कलर? दोन कागद वाया गेलेत ऑलरेडी.